डीपी जळाला तेव्हाचे नऊ दिवस

२०२३ची संक्रांत झाली, किंक्रांत झाली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे आमच्या ओढ्याकाठचा डीपी, म्हणजे मोटरींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाला. त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती. मामा, म्हणजे माझे सासरे, गव्हात दारं धरायला गेले होते. ठो करून आवाज झाला, शिवारभर अंधार पडला आणि मामा बॅटरीच्या उजेडात घरी आले. पायाचा चिखल न धुताच ओट्यावर टेकले. म्हणाले, "गेला डीपी. आता आठ दिस तरी हालत न्हाय."

नऊ दिवस लागले. अर्ज, फोन, वर्गणी, टेम्पो सगळं झालं. ते इथं लिहीत बसत नाही, शेतकऱ्याच्या घरात ते सगळ्यांना पाठ असतं. मला सांगायचंय ते त्या नऊ दिवसांत ओढ्यानं काय केलं त्याबद्दल.

मी खटाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आमचं गाव पुसेगावच्या बाजूचं. शिवारातून एक ओढा येतो आणि खाली येरळेला मिळतो. येरळा पुढं वडूजवरून सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळला कृष्णेत जाते. आमच्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडं पाचशेच्या आतबाहेर. पण पाचशे मिलिमीटर म्हणजे एका एकरावर वीस लाख लिटर पाणी. एवढं पाणी डोक्यावर पडून फेब्रुवारीत विहिरीनं तळ का गाठावा, हा प्रश्न मला लग्न होऊन या घरात आल्यापासून सतावत होता. माहेरी कृष्णाकाठ, तिथं पाण्याचा विचार कुणी पुरापुरताच करायचं.

म्हणून २०१९च्या दिवाळीनंतर मी वही घातली. दर सोमवारी सकाळी सात वाजता विहिरीची पातळी आणि ओढ्याचा प्रवाह. विहिरीचं सोपं असतं. कठड्यावर तांबड्या ऑइलपेंटनं एक खूण केली, दरवेळी तिथूनच टेप सोडायची. टेपच्या टोकाला नट बांधलेला. शेवटचे दोन-तीन फूट खडू घासायचा, म्हणजे पाण्यात बुडालेला भाग ओला होऊन वेगळा दिसतो. एकूण सोडलेल्या टेपमधून ओला भाग वजा केला की पातळी मिळाली. मोटर चालू असताना मोजायचं नाही. त्या वेळी दिसते ती उपशानं खेचलेली पातळी, खरी पातळी मोटर बंद झाल्यावर काही तासांनी कळते. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. जिल्ह्याचं चित्र त्यातून उभं राहतं. पण एका ओढ्याच्या दोन काठांवर काय चाललंय ते बघायला आठवड्याची नोंद लागते.

ओढ्यासाठी जास्त खटपट करावी लागली. वडूजच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पत्र्याला नव्वद अंशाची खाच पाडून आणली, उलट्या त्रिकोणासारखी. कंपासपेटीतला गुण्या लावून कोन तपासला, कानशीनं कडा धारदार करून घेतल्या. ओढा जिथं अरुंद होऊन कातळावरून जातो तिथं पत्रा उभा केला, दोन्ही बाजूंना वाळूची पोती, फटींत चिकणमाती. सगळं पाणी त्या खाचेतूनच पडलं पाहिजे, खालून किंवा बाजूनं थेंब निसटता कामा नये. पोरांनी दोन रविवार त्यातच घालवले. मग पत्र्यापासून हातभर मागं एक खुंटी ठोकली आणि पाण्याची उंची तिथं मोजायला लागलो, कारण खाचेच्या तोंडाशी पाणी वाकतं आणि उंची कमी दिसते. खाचेच्या तळापासून पाणी किती सेंटिमीटर वर आहे एवढं कळलं की प्रवाह काढता येतो. उंचीचा अडीचावा घात घ्यायचा आणि ०.०१३८नं गुणायचं, उत्तर लिटर प्रतिसेकंदात येतं. दहावीच्या पोरांना अडीचावा घात म्हणजे काय हे फळ्यावर कधी पटलं नव्हतं. ओढ्यात पटलं, कारण उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाचपटीहून जास्त होतं आणि ते समोर दिसतं.

सूत्रावर मी नुसता विश्वास ठेवला नाही. चार सेंटिमीटर उंचीला सूत्र सांगतं ०.४४ लिटर. आम्ही पंधरा लिटरची बादली खाचेखाली धरली आणि मोबाईलवर वेळ लावली. चौतीस सेकंद. बरोबर जुळलं.

सतरा जानेवारीला सकाळी, म्हणजे डीपी जळाला त्या दिवशी, खाचेवर हीच चार सेंटिमीटर उंची होती. खरं तर तो मंगळवार, माझा मोजायचा वार नव्हे. पण शिवारात इतकी शांतता होती की पाय तिकडं वळले. एरवी त्या वेळेला अकरा मोटरींचा आवाज असतो. त्या दिवशी पाणी पत्र्यावरून पडतंय तेवढंच ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशीही चार. तिसऱ्या दिवशी चारच्या किंचित वर, मला वाटलं माझीच नजर चुकली. पाचव्या दिवशी पाच. सातव्या दिवशी सहा. पाऊस नाही, ढगही नाहीत, कोरडी थंडी. वरच्या अंगाचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा मी मुद्दाम चालत जाऊन बघून आले, तो कोरडा होता, वरून कुणी पाणी सोडलेलं नव्हतं. पिकांना पाणी देणं बंद, त्यामुळं शेतातलं वाया गेलेलं पाणी झिरपून ओढ्याला येतंय असंही म्हणता येईना. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन उरकून नववीची आठ-दहा पोरं घेऊन ओढ्यावर गेले. सात सेंटिमीटर. पोरांनी बादली धरली आणि साडेआठ सेकंदांत ती भरून वाहिली. सेकंदाला पावणेदोन लिटरच्या वर. नऊ दिवसांपूर्वी दिवसाला अडतीस हजार लिटर देणारा ओढा आता दिवसाला दीड लाख लिटर देत होता. आमच्या विहिरीची पातळी तेवढ्यात सव्वासत्तावीस फुटांवरून एकोणीस फुटांवर आली होती.

त्या संध्याकाळी नवा डीपी बसला. रात्रीच अकराच्या अकरा मोटरी चालू झाल्या. फेब्रुवारी लागायच्या आत खाच परत चारवर आली.

हे असं का होतं ते कळायला आमच्या विहिरीत उतरावं लागतं. विहीर सात परस खोल, बेचाळीसेक फूट. ७२च्या दुष्काळानंतर आजेसासऱ्यांनी पाडली. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की भिंत वाचता येते. वर कमरेइतकी काळी माती. मग पिवळसर मुरूम, बारा-तेरा फुटांपर्यंत. त्याखाली मांजऱ्या: जांभळट, भोकाभोकांचा खडक, भोकांत पांढरे स्फटिक बसलेले. काही स्फटिक नखानं खरवडून हातात येतात, पोरांनी शाळेत काचेच्या बरणीत भरून ठेवलेत. मांजऱ्याखाली काळा पाषाण, ज्यात सुरुंगाशिवाय एक इंच पुढं जाता आलं नव्हतं असं मामा सांगतात. आणि अगदी तळाजवळ वीतभर जाडीचा विटकरी तांबडा पट्टा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरला. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, तो झाला मांजऱ्या. खालचा भाग सावकाश निवून घट्ट झाला, तो पाषाण. एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत मधे पुष्कळ काळ गेला, तेवढ्यात वरचा पृष्ठभाग झिजून, भाजून तांबडा झाला. आपण विहिरीत शिडीनं उतरतो तेव्हा एकेक उद्रेक ओलांडत उतरतो.

पाझर सुटतो तो मांजऱ्या आणि पाषाणाच्या सांध्याला. पाणी वरून मुरत येतं, पाषाणाला अडतं आणि सांध्यानं आडवं सरकतं. आमच्या बांधापासून तीनशे-साडेतीनशे पावलांवर ओढ्यानं आपला काठ कापत कापत तोच सांधा उघडा केलाय. दगडाच्या त्या रेघेवर जानेवारीतही शेवाळ हिरवं असतं, हात लावला तर बोटं भिजतात. विहिरीत जे पाणी येतं आणि ओढ्यात जे पाझरतं ते एकाच थरातलं. विहीर आधी घेते, उरलेलं ओढ्याला जातं.

अमेरिकेतल्या चार्ल्स थाईस नावाच्या भूजलशास्त्रज्ञानं १९४० साली हीच गोष्ट हिशोबाच्या भाषेत मांडून ठेवली आहे. विहीर पाडण्याआधी जमिनीत जेवढं मुरतं तेवढंच सरासरीनं झऱ्यांतून, ओढ्यांतून, झाडांतून बाहेर पडत असतं. मग विहिरीतून काढलेला प्रत्येक लिटर तीनच ठिकाणांहून येऊ शकतो. एक तर साठा कमी होतो, किंवा मुरणं वाढतं, किंवा ओढ्याला जाणारं कमी होतं. चौथी जागाच नाही. मी हे वाचलं होतं, शिकवलंही असतं. पण "ओढ्याला जाणारं कमी होतं" हे शब्द मला खरे कळले ते सव्वीस जानेवारीला बादली भरून वाहताना.

आता आकडे बघा, कारण मला झोप लागू दिली नाही ती या आकड्यांनी. आपल्या खडकात पाणी मावतं फार थोडं. बेसाल्टसाठी, म्हणजे या लाव्हाच्या खडकासाठी, भूजलाच्या सरकारी अंदाजात धरतात तो आकडा एक ते तीन टक्के, साधारण दोन. म्हणजे शंभर घनफूट मांजऱ्यातून उपसून हाती येतं दोन घनफूट. एका एकराखालची पातळी एक मीटर उतरली, तर मिळतात ऐंशी-एक्क्याऐंशी हजार लिटर. पाटानं एक पाळी, म्हणजे पिकाला एकदा पाणी द्यायचं, पाच सेंटिमीटर धरा, तर एकराला दोन लाख लिटर लागतात. म्हणजे एका पाळीला अडीच मीटर पातळी. आणि पावसातलं मुरतं किती? त्याच सरकारी पद्धतीत झिजलेल्या बेसाल्टला सात टक्के आणि मांजऱ्यासारख्या सच्छिद्र, फटींच्या खडकाला तेरा टक्के धरतात. दहा धरू. पाचशे मिलिमीटरचे पन्नास. पन्नास मिलिमीटर म्हणजे एकराला दोन लाख लिटर.

वर्षभराच्या पावसानं जमिनीखाली जे ठेवलं ते एका पाळीत संपतं. ज्या एकराला आपण आठ पाळ्या देतो तो एकर दुसऱ्या सात एकरांचं पाणी पितो. ते सात एकर कुणाचे तरी असतात, नाहीतर ओढ्याचे असतात.

मामांना मी हा हिशोब मांडून दाखवला तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी आबाचं पाणी म्या प्यालो म्हणतीस?"

त्यामागं गोष्ट आहे. २०१८ला आम्ही तीन बोअर घेतले. पाणाड्या आला, तळहातावर नारळ घेऊन चालला, नारळ उभा राहिला तिथं खुणा केल्या. पहिले दोन्ही फुफाटा उडवत गेले. तिसरा सहाशे वीस फूट गेला आणि तीनशे चाळीसला पाणी लागलं. दोन उन्हाळे चालला आणि बसला. वाईट त्याचं नाही. वाईट हे की वरचे वीसेक फूट सोडले तर त्यात केसिंगचा पाइप नाही, आणि तो वाटेत मांजऱ्याचा सगळा थर भोसकून गेलाय. पंप काढल्यावर एका रात्री मी बोअरच्या तोंडाशी कान लावला. आत पाणी पडत होतं. खूप खोलवर, एका लयीत. वरच्या थरातलं पाणी, जे आमच्या आणि शेजारच्या आबांच्या विहिरीला यायचं, ते बोअरच्या भिंतीवरून ओघळत खालच्या फटींत चाललं होतं. आबांची विहीर त्या वर्षी चार फुटांनी उतरली. ते बांधावर येऊन मामांना बोलले, मामांनी उलट उत्तर दिलं आणि दोन घरांत वर्षभर हळदीकुंकवालाही जाणं-येणं नव्हतं. आबांचं म्हणणं खरं होतं. हे मी आमच्या घरात बोलून दाखवलं आहे, म्हणून इथंही लिहिते. तो बोअर आम्ही नंतर चिकणमातीनं आणि वरून काँक्रीटनं बुजवला.

२००९च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात खोल विहिरीची रेघ साठ मीटरवर ओढलेली आहे, म्हणजे दोनशे फुटांच्याही आत. आमच्या शिवारात आता साडेसातशे फूट सहज ऐकू येतं. जितकं खोल तितकं पाणी जास्त, असा समज पक्का बसलाय. कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी छिद्रं घेतली तेव्हा तिथं बेसाल्टची जाडी नऊशे मीटरच्या वर भरली, मग ग्रॅनाइट लागला. खडक आहे तसा पुष्कळ आहे. पण पाणी खडकात नसतं, फटीत असतं, आणि खाली जाल तशा फटी मिटत जातात. तीनशे चाळीस फुटांवर जी एखादी फट लागते ती भरायला किती पावसाळे लागले असतील आणि आपण ती किती उन्हाळ्यांत रिकामी केली, एवढा तरी विचार मशीन बोलावण्याआधी व्हावा.

पाणी अडवायचं काम आमच्याकडं झालं नाही असं नाही. २०१६ला शेजारच्या कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं पाणी फाउंडेशनचा पहिला वॉटर कप जिंकला, तेव्हा इकडंही वारं आलं. आम्ही पहाटे उठून डोंगरावर सलग समतल चर काढलेत, हाताला फोड आलेत, आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, साठाव्या वर्षी पाट्या उचलल्यात. त्या चरांनी पाणी मुरलं, विहिरी वाढल्या, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण वाढलेलं पाणी दिसलं तसं आल्याचं पीक वाढलं, ऊसही आला. जेवढं मुरवलं तेवढं आणि वर थोडं आम्ही उपसलं. मुरवायला गाव एकत्र येतं आणि उपसायला प्रत्येकजण आपापल्या स्टार्टरपाशी एकटा असतो.

येरळेच्याच खालच्या अंगाला, सांगली जिल्ह्यात, बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात बळीराजा धरण बांधलं. नदीतली थोडी वाळू विकून त्यांनी त्याचा पैसा उभा केला आणि पात्रातल्या बेसुमार वाळूउपशाविरुद्ध तेच लढले, कारण वाळू पाणी धरते आणि वाळू गेली की काठच्या विहिरी जातात हे त्यांना दिसत होतं. आमच्या ओढ्याचं पाणी येरळेला जातं. इथं खाच चारवर असते तेव्हा तिथल्या कुणाच्या तरी विहिरीत तेवढं कमी असतं. हे मी पोरांना नकाशावर बोट फिरवून सांगते.

आत्यांचं लग्न १९७८चं. त्या सांगतात, शिमगा झाला की वाकळा धुवायला ओढ्यावर जायच्या आणि पाणी पोटरीइतकं असायचं. आठवणीवर शास्त्र उभं करू नये हे मला माहीत आहे, लोकांना जुना पाऊस नेहमीच मोठा वाटतो. म्हणून मी त्यांना ओढ्यावर नेलं आणि विचारलं, नेमकं कुठं उभ्या राहायचात? त्या थेट एका दगडापाशी गेल्या. वरून गुळगुळीत, मधे खोलगट झालेला, वाकळा आपटून आपटून झिजलेला काळा दगड. तो आज पात्राच्या तळापासून गुडघाभर उंच कोरडा पडलाय, कारण आजूबाजूची वाळू गेली आहे. आत्या त्यावर बसल्या आणि पाय खाली सोडून म्हणाल्या, "हितं. हितंवर पाणी." मी टेपनं मोजून वहीत लिहिलं.

आता माझ्या मनात एक आहे. डीपी जळाला ते अपघातानं झालं, आणि अपघातानं झालेल्या प्रयोगावर एकदाच विसंबता येतं. तेच ठरवून करायचं. येत्या जानेवारीत ओढ्याला सगळ्यात जवळच्या ज्या चार विहिरी आहेत, त्यांच्या मोटरी आठ दिवस बंद ठेवायच्या आणि खाच रोज सकाळी सातला मोजायची. सातलाच, कारण काठावरचे उंबर आणि करंज दिवसा पाणी ओढतात आणि संध्याकाळी उंची दोन-तीन मिलिमीटरनं कमी दिसते. चार विहिरी बंद ठेवून पाणी किती वाढतं ते कळलं, तर कुठल्या विहिरीचा उपसा ओढ्याला किती भोवतो याचा अंदाज बांधता येईल आणि मग पाळ्या आळीपाळीनं घ्यायचं ग्रामसभेत आकड्यांवर बोलता येईल.

पहिला होकार आबांनी दिला. "तू मोज, म्या बटन दाबत न्हाय," एवढंच म्हणाले. दुसरे दोघेही तयार आहेत, त्यांचा हरभरा आहे, आठ दिवसांनी बिघडत नाही. चौथी विहीर आमची. मामांनी अजून हो म्हटलेलं नाही. अर्धा एकर आल्याचं पीक आहे, ठिबकवर आहे, आणि जानेवारीत काढणीच्या आधी त्याला ताण द्यायचा की नाही यावर त्यांचं आणि माझं रोज जेवताना बोलणं चाललंय. काल त्यांनी पहिल्यांदाच वही मागितली. चष्मा लावून जानेवारी २०२३चं पान काढलं, नऊ दिवसांचे आकडे बोटानं खाली खाली वाचत गेले आणि सव्वीस तारखेवर बोट ठेवून विचारलं, "सात म्हंजी सेकंदाला किती लिटर म्हणालीस?"